शनिवारी बाई खडू धरत नाहीत

माझी पहिली नेमणूक निरवांगीपासून तीनेक किलोमीटर आतल्या एका वस्तीवर झाली. जिल्हा परिषदेची शाळा, दोन खोल्या, चार वर्ग आणि शिक्षक दोघंच, मुख्याध्यापक आणि मी. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. पुण्यात पोस्टात कारकून असलेले माझे वडील मला पोचवायला आले होते. इंदापूरपर्यंत एक एसटी, तिथून दुसरी आणि शेवटी डाळिंबाच्या रिकाम्या क्रेटांनी भरलेल्या टेम्पोत पुढच्या सीटवर आम्ही दोघं. वडील वाटभर एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत बोलत होते, "एवढ्या मोठ्या तालुक्यात आपलं एकही घर नाही."

आपलं म्हणजे बेने इस्राएलांचं. आम्ही मराठी ज्यू. आमचे पूर्वज कोकणच्या किनाऱ्याला लागले त्याला किती शतकं झाली हे कुणालाच नीट सांगता येत नाही, पण घरात बोलणं मराठीच. साडी, बांगड्या, तांदळाची भाकरी, सगळं इथलंच. आडनावं गावांवरून पडलेली, त्यामुळे नुसतं आडनाव ऐकून कुणाला काही उमगत नाही. माणसं समोर बसवून विचारायला लागतात.

तसं आबांनी विचारलं. आबा म्हणजे वस्तीवरचे सगळ्यात वयस्कर गृहस्थ. तरुणपणी मेंढरं घेऊन मुलूखभर हिंडलेले, आता कालव्याच्या पाण्यावर मुलांनी केलेला ऊस आणि पेरू बघत ओट्यावर बसलेले. त्यांच्या घराला लागून असलेली खोली मला राहायला मिळणार होती.

"बाई, तुमी कुठल्या?"

"पुण्याच्या. मूळच्या अलिबागकडच्या."

"त्ये झालं. पर तुमी कोन म्हनायचं?"

वडील खाकरले. मी म्हटलं, "आम्ही ज्यू."

"जू?" आबांनी मान वर केली. "बैलाच्या मानंवर ठिवत्यात, त्ये?"

माझ्या वडिलांना हसू आवरेना. सकाळपासून त्यांच्या चेहऱ्यावर असलेली काळजी त्या एका शब्दानं उतरली. त्यांनी आबांशेजारी बैठक मारली आणि सांगितलं की कोकणात आम्हाला शनिवार तेली म्हणायचे. वाडवडील तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत.

"आन् बैल?"

"बैलालाही सुट्टी. आमच्या शास्त्रातच लिहिलंय. त्या दिवशी मालकानं राबायचं नाही, गड्यानं नाही आणि जनावरानंही नाही."

आबांनी गुडघ्यावर थाप मारली. मग आत तोंड करून म्हणाले, "आगं, बाईंची खोली झाडून दे. चांगली मान्सं हायेत. बैलाला सुट्टी देत्यात."

निघताना वडिलांनी खोलीच्या दाराच्या चौकटीवर मेझूझा ठोकला. बोटभर लांबीची धातूची नळी, आत प्रार्थना लिहिलेला चर्मपत्राचा तुकडा. जाता-येता तिला हात लावून तो ओठांना लावायचा असतो. आबांच्या बायकोनं, जिला मी काकू म्हणायला लागले, मला दोन दिवस असं करताना पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी त्या नळीवर कुंकवाचं बोट लागलेलं होतं. मी ते पुसलं नाही. वडिलांनाही कळवलं नाही.

वडिलांनी जाता जाता आणखी एक गोष्ट केली होती, तिच्यातूनच पुढचं सगळं घडलं. शाळा शनिवारी सकाळची असते, हे त्यांना ठाऊक होतं. शनिवार म्हणजे आमचा शब्बाथ. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत काम करायचं नाही. नोकरी सोडायची तर सवालच नव्हता. मोठ्या मुश्किलीनं मिळालेली होती. टेम्पोची वाट बघताना ते म्हणाले, "हे बघ, शिकवणं हे काम की पुण्य, यावर शहाण्यांनी भांडावं. तू एवढंच कर. शनिवारी स्टो पेटवू नकोस आणि लिहू नकोस. बाकीचं देव सांभाळून घेईल."

स्टोचं सोपं होतं. शुक्रवारी दुपारी शाळा सुटली की मी दोन दिवसांचा स्वयंपाक करून ठेवायची, संध्याकाळी तेलाचा दिवा लावायची, काळ्या मनुका भिजवून कुस्करलेलं सरबत पेल्यात घेऊन आशीर्वाद म्हणायची आणि एकटीच जेवायची. शनिवारी सकाळी थंड चपाती खाऊन शाळेत. तिसऱ्या-चौथ्या शनिवारी काकू पितळीत वाफाळता चहा घेऊन दारात उभ्या.

"तुमचा इस्टो वाजत न्हाय शनवारी. आमी चूल पेटवलेली चालती का तुमच्या देवाला?"

नियमाचा बारकावा मला ठाऊक नव्हता. चहा गरम होता. मी प्यायले, आणि पुढची अकरा वर्षं, मी त्या खोलीत होते तोवर, शनिवारचा चहा तिकडूनच आला.

लिहिण्याचं मात्र अवघड होतं. हजेरीपटावर सही करावीच लागे. ती एक सही मी करायची आणि मनातल्या मनात माफी मागायची. पण फळ्यावर लिहायचं नाही, असं मी ठरवून टाकलं. पहिल्या शनिवारी गाणी, पाढे, गोष्टी सांगून वेळ काढला. दुसऱ्या शनिवारी तिसरीची मुलं कुजबुजायला लागली. एकीनं विचारलंच.

"बाई, फळ्यावर लिवा की कायतरी."

"आज मी खडू धरणार नाही."

"का?"

"आमच्यात आज हाताला सुट्टी असते."

मुलांना हे कारण ताबडतोब पटलं. मोठ्यांना जेवढं समजावावं लागतं तेवढं मुलांना लागत नाही. "मग आमी लिवू?" असा एक आवाज आला, आणि मी खडू टेबलाच्या कडेला ठेवून खाली मुलांच्यात सतरंजीवर बसले. त्या दिवसापासून शनिवारी फळा मुलांचा झाला. ज्याला जे सांगायचंय ते त्यानं उठून लिहायचं आणि वाचून दाखवायचं. बहुतेक जण आपलं नाव लिहीत, किंवा पाठ्यपुस्तकातलं वाक्य. "कमल नमन कर" वगैरे. बरेच दिवस असंच चाललं होतं.

त्या वर्गात एक मुलगी होती. मेंढरं राखणारं घर, बाप पहिल्यांदाच एका जागी राहून शेती करायला लागलेला, त्यामुळे ती नऊ वर्षांची होऊन थेट तिसरीत येऊन बसली होती. अक्षरं तिला तिच्या थोरल्या चुलत बहिणीनं शिकवली होती म्हणे. पण शाळेत आल्यापासून चार महिन्यांत तिच्या तोंडून एक शब्द बाहेर पडला नव्हता. हजेरीला ती फक्त हात वर करायची. पुस्तक पुढं केलं की त्याच्याकडं पाहत बसायची. मुख्याध्यापक म्हणाले, "मुकी असेल. तपासून घ्यायला सांगा." पण मधल्या सुट्टीत लिंबाखाली मी तिला धाकट्या भावाशी तावातावानं भांडताना ऐकलं होतं. मुकी नव्हती. वर्गात बोलायला तिला काही सापडत नव्हतं.

मला ते समजत होतं, कारण माझंही लहानपणी तसंच झालेलं. पुण्याच्या शाळेत बाईंनी "तुमच्याकडे दिवाळीला काय करतात" विचारलं की मी गप्प. आमच्या सणांची नावं सांगितली असती तर वर्ग हसला असता. नव्याचा सण, खिरीचा सण, दार फाळण्याचा, म्हणजे दार लावून उपास करण्याचा सण. शुद्ध मराठी नावं, पण कुठल्याच पुस्तकात नसलेली.

थंडीतला एक शनिवार होता. दोन-तीन मुलांनी नेहमीची नावं लिहून झाली. आणि ती मुलगी उठली. कुणाकडं न पाहता फळ्यापाशी गेली, खडू घेतला आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं, "आमच करडु दुद पिना."

वाचून दाखवायची वेळ आली तेव्हा ती मला ऐकू येईल न येईल अशा आवाजात म्हणाली, "आमचं करडू दूद पिना."

वर्गात एकदम गलका उठला.

"माय लाथ मारती का?"

"बाटलीनं पाज!"

"आगं, त्येच्या तोंडाला गूळ लावायचा. आमची आजी लावती."

"कधी झालंय?"

"परवा," ती म्हणाली. आता आवाज चांगला मोठा होता. "दोन झाली. एक पितंय. ह्ये बारकं न्हाय पीत."

उरलेला सगळा वेळ करडावर चर्चा झाली. मी सतरंजीवरून ऐकत होते. शाळा सुटल्यावर अर्धा वर्ग तिच्या घरी करडू बघायला गेला. आठवडाभर मी स्वतःही त्या करडाचा विचार करत होते, पण मुद्दाम विचारलं नाही. पुढच्या शनिवारी ती उठायच्या आधीच मुलं ओरडली, "लिव, लिव, काय झालं?" तिनं खडू घेतला आणि एकच शब्द लिहिला, "पितय."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्यानंतर करडाची बातमी दर शनिवारी ठरलेली. त्याचा पाय मुरगळला, त्यानं काकूंची कोथिंबीर खाल्ली, ते दिवसभर हरवलं आणि उसात सापडलं. आणि ते पाहून बाकीच्यांनाही आपापल्या घरी घडलेलं लिहायला सुचायला लागलं. कुणाच्या विहिरीवरची मोटर जळाली, कुणाच्या मावशीचं लग्न मोडून पुन्हा जमलं. मला शनिवारी लिहिता येत नसे, म्हणून मी सगळं डोक्यात धरून ठेवायची आणि रविवारी सकाळी वहीत उतरवायची. एका रात्रीतून गेल्यामुळे त्यातलं फालतू आपोआप गळून जायचं आणि बोलणं तेवढं शिल्लक राहायचं. हे तंत्र मी ठरवून शोधलेलं नाही. शब्बाथनं ते मला शिकवलं.

मुख्याध्यापकांना हा प्रकार फारसा रुचला नव्हता. सज्जन माणूस, पण शुद्धलेखनाचे कट्टर. एकदा खिडकीतून फळा वाचून मला बोलावलं.

"बाई, दूध की दुद?"

"दूध, सर."

"मग दुरुस्त का करत नाही?"

"शनिवारी मी खडू धरत नाही."

त्यांनी कपाळावर हात मारला. "मग सोमवारी धरा की!"

त्यांचं बरोबर होतं. सोमवारी मी फळ्यावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला घरचं, दुसऱ्या बाजूला पुस्तकातलं. हाय, आहे. न्हाय, नाही. दूद, दूध. मुलांना हा खेळ वाटला. कुणाचंच चूक नव्हतं, फक्त दोन घरं होती.

वर्ष संपत आलं तेव्हा एका शनिवारी न कळवता तपासणीला अधिकारी आले. मी सतरंजीवर मुलांत मांडी घालून बसलेली, ती मुलगी फळ्यापाशी आणि मुख्याध्यापक साहेबांच्या मागे दारात घाम पुसत उभे.

"शिकवतंय कोण इथं?" साहेबांनी विचारलं.

मी उठले. धर्माचं कारण साहेबाला सांगितलं तर कागदावर जाणार, आणि न सांगावं तर खोटं. मी तोंड उघडायच्या आत मागून एक जण म्हणाला, "साहेब, शनवारी बाई खडू धरत न्हाईत. त्यांच्या हाताला सुट्टी असती. शनवारी आमी शिकवतो."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मग पाठ्यपुस्तक उचललं, मधलंच एक पान उघडलं आणि त्या मुलीपुढं धरलं. तिनं ते न अडखळता वाचलं. त्यांनी फळ्याकडं बोट केलं. "आणि हे 'हाय' काय आहे? 'आहे' लिहायचं की 'हाय'?"

"पुस्तकातली मान्सं आहे म्हनत्यात," ती म्हणाली. "आमी हाय म्हनतो. मला दोनी येतं."

साहेब हसले नाहीत, पण खुर्ची ओढून बसले आणि तासभर उठले नाहीत. जाताना शेरेबुकात लिहून गेले की शनिवारचा उपक्रम चांगला आहे, त्याच्या नोंदी सविस्तर लिहून पाठवाव्यात. माझ्या शब्बाथचा सरकारदरबारी उपक्रम झाला, हे मी वडिलांना पत्रातून कळवलं. त्यांनी ते पत्र प्रार्थनालयात सगळ्यांना वाचून दाखवलं असं आई म्हणाली.

नोंदी लिहायला बसले आणि अहवाल काही लिहून होईना. "विद्यार्थिनीने करडाविषयी माहिती दिली" असं लिहिलं की ते करडू मरूनच जायचं. शेवटी मी त्या मुलीची गोष्ट सरळ गोष्टीसारखी लिहिली. आठ पानं झाली. साहेबांना एक प्रत पाठवली आणि धाडस करून दुसरी पुण्याच्या एका मुलांच्या मासिकाला. तीन महिन्यांनी अंक आला. माझं नाव छापलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. खोलीत एकटीच होते, तरी पदर नीट केला.

शनिवारी अंक वर्गात नेला आणि गोष्ट वाचून दाखवली. संपादकांनी भाषा "शुद्ध" केली होती. करडाचं कोकरू झालं होतं, कारण शहरातल्या मुलांना ते जास्त समजेल. बाप "बाबा" झाला होता, आणि सगळे जण "नाही ना गं" असं बोलत होते. मी छापील नावाच्या आनंदात होते, माझ्या ते फारसं लक्षात आलं नव्हतं. मुलं शांतपणे ऐकत होती. अगदी शहाण्यासारखी.

मग ती मुलगी म्हणाली, "छान हाय, बाई. ही कुनाची गोष्ट हाय?"

मला काय वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. राग नव्हता. लाज होती थोडी. मी तिला म्हटलं, "चुकलं माझं. ही तुझीच होती." ती लगेच म्हणाली, "आसू द्या. पर कोकरू लोकरीचं आसतं, बाई. आमच्या करडाला लांब कान हायेत." मी ते वहीत टिपून घेतलं. रविवारी.

त्या दिवशी मी लेखिका झाले असं मला वाटतं, अंक आला त्या दिवशी नव्हे. त्यानंतर मी ठरवलं की जो जसा बोलतो तसाच तो माझ्या कागदावर बोलेल, आणि छापायला ते चालत नसेल तर वहीत राहील. बरीच वर्षं ते वहीतच राहिलं. दोन मासिकांनी परत पाठवलं. एकानं लिहिलं की ग्रामीण ढंग थोडा कमी करा. मी कमी केला नाही. घाई कसलीच नव्हती. पगार चालू होता, मुलं येत होती, शनिवारी फळा भरत होता.

मधल्या काळात माझं लग्न झालं. नवरा ठाण्याचा, आमच्यातलाच, लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात फिटर म्हणून लागला. आम्ही इंदापुरात घर घेतलं तोपर्यंत तो माझ्याच खोलीत राहिला. तो मितभाषी आहे, पण वाचक पक्का. माझी वही त्यानं पहिल्यांदा वाचली तेव्हा फक्त एवढंच म्हणाला, "हे आबा बोलतात तसंच आहे." मला दुसरं काही ऐकायचं नव्हतंच.

त्याचे दोन्ही भाऊ इस्रायलला गेले. आम्हालाही बोलावणं होतं, एकदा पासपोर्टसाठी फोटोसुद्धा काढून झाले. फोटो काढून आम्ही परत आलो, वार्षिक परीक्षा होत्या, मग मुलगी झाली, मग पुन्हा परीक्षा. न जायचं असं आम्ही कधी ठरवलं नाही. जायचं तेवढं राहून गेलं. दिरांचे फोन येतात तेव्हा ते मराठीच बोलतात, आणि त्यांच्या मराठीत आता एक वेगळाच सूर आलाय. तोही मी ऐकून ठेवते.

सोळाव्या वर्षी, चौदा वह्यांतून निवडून, पुण्याच्या एका लहानशा प्रकाशकानं माझं पुस्तक काढलं. जसं होतं तसं. 'हाय' हे 'हाय'च होतं आणि 'न्हाय' हे 'न्हाय'च. पहिल्या प्रती घेऊन मी वस्तीवर गेले. माझी बदली तालुक्यातल्याच कळंबला झाली होती तेव्हा, पण आबा आणि काकू होते. आबांना दिसत कमी होतं. मी ओट्यावर बसून त्यांना तीन गोष्टी वाचून दाखवल्या. तिसऱ्या गोष्टीत त्यांचीच एक हकिकत होती, मेंढरं घेऊन घाट उतरताना वाट चुकलेली.

"ह्ये मी बोलल्यालं?" आबांनी विचारलं.

"होय, आबा."

"मी वाचाया शिकलो असतो तर माझं बोलनं मला वळखू आलं असतं." मग पुस्तकाला हात लावून, "वाच म्होरं."

पुस्तक झालं तर मलिदा करीन, असं मी एलियाहू हन्नाबीला बोलले होते. हा आमचा पैगंबर, अडल्यानडल्याला धावून येणारा. कोकणात एका खडकावर त्याच्या घोड्याच्या टापांची खूण आहे असं आमच्यातले लोक मानतात. मलिदा पुण्याला करावा असं आईचं म्हणणं होतं. मी म्हटलं, गोष्टी जिथल्या तिथंच करायचा. आबांच्या अंगणात केला. वडील, आई, नवऱ्याकडची चार-सहा माणसं आणि वस्तीवरची झाडून सगळी. भिजवलेले पोहे, गूळ, खवलेला नारळ, वेलची. वर पाच फळं मांडायची असतात, ती मांडायला ताट पुरेना. पेरू, डाळिंब, द्राक्षं, केळी, पपई, कुणी आपल्या बागेतलं काय आणलं याची चढाओढ लागली. वडिलांनी हिब्रूत प्रार्थना म्हटली. वस्तीवरच्या माणसांना त्यातला शब्द कळत नव्हता, पण प्रत्येक जण हात जोडून उभा होता.

"ह्यो तुमचा देव घोड्यावर येतो का?" आबांनी वडिलांना विचारलं.

"देव नव्हे, देवाचा माणूस. पण घोड्यावर, हो."

"मग आमच्या खंडोबाला ठावं आसनार," आबा म्हणाले, आणि मलिद्याला हात घातला.

काकूंनी एक घास खाऊन जाहीर केलं, "ह्ये तर गूळपोहंच की." आई जरा हिरमुसली. मग दोघी मिळून वेलची जास्त झाली की कमी यावर बोलत बसल्या, ते अंधार पडेपर्यंत.

त्या दिवशी परतीच्या वाटेवर वडील म्हणाले, "दुसऱ्यांचं लिहिलंस. आता आपल्यातलं लिही." दुसरं पुस्तक त्यातून झालं. कोकणातले घाणे, आमचे मराठी नावांचे सण, आईच्या तोंडचे शब्द, जे मी शाळेत लपवले होते. त्याला एक बक्षीस मिळालं आणि कळंबच्या शाळेनं मला पाहुणी म्हणून बोलावलं, त्याच शाळेत मी शिकवत असताना. निमंत्रणपत्रिकेवर "सुप्रसिद्ध लेखिका" छापलं होतं. मी व्यासपीठावर बसले आणि समोर माझी चौथी खाली बसून मला हातानं खुणावत होती, बाई, इकडं या.

करडूवाली मुलगी आता कळंबजवळच असते. पंधरा-वीस दुभत्या गाईंचा गोठा चालवते, बचत गटाची सगळी लिखापढी तीच करते. माझं प्रत्येक पुस्तक तिला पहिल्यांदा पाठवते. ती वाचून फोन करते आणि चुका सांगते. शुद्धलेखनाच्या नव्हे. "त्या बाईच्या घरात चूल डाव्या अंगाला आसंल, उजव्या न्हाय," अशा.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. मुलगी बारामतीत दातांची डॉक्टर आहे, म्हणून आम्ही दोघंही बारामतीत राहायला आलो. नवऱ्यानं गच्चीवर वांगी लावलीत. शुक्रवारी संध्याकाळी तिघं मिळून दिवा लावतो. आईवडील आता नाहीत, आबाही नाहीत. मला पुष्कळदा एकटं वाटायला हवं होतं असं लोकांना वाटतं. पुण्याहून आलेल्या एका पत्रकारानं तर तसं विचारलंच, की आपल्या समाजापासून इतकं दूर राहून कधी उपरं वाटलं नाही का. मी खूप विचार करून त्याला खरं ते सांगितलं. पहिले दोन आठवडे वाटलं.

सध्या मी बारामतीच्या बाहेर रोपवाटिका चालवणाऱ्या दोन जावांवर लिहितेय. टोमॅटो, मिरची, कोबी, सगळ्या भागातली रोपं त्यांच्याकडून जातात. दोघींचं आपसात दिवसभर भांडण, आणि दिवसभर एकीवाचून दुसरीचं चालत नाही. दर मंगळवारी सकाळी मी त्यांच्या शेडनेटखाली जाऊन बसते. गेल्या वेळी वही काढली तर धाकटी म्हणाली, "बाई, नुसतं बसून आयकू नगा. हात बी चालवा." थोरलीनं माझ्यापुढं रिकामा ट्रे आणि कोकोपीटची, नारळाच्या भुशाची, पाटी सरकवली. मी वही पिशवीत ठेवली आणि एक-एक खाच भरायला घेतली. अंगठ्यानं जास्त दाबायचं नाही, बी गुदमरतं, हे तिनं मला दोनदा सांगितलं.